अंग भरायच्या गोळ्या

तकबेर म्हणजे ‘वाढत जावी’. पाठोपाठ दोन मुली गेल्यावर ही जगली, म्हणून आईने हे नाव ठेवलं. मग तिला वाढवण्यात घरच्यांनी काही बाकी ठेवलं नाही. सातव्या वर्षी, पावसानंतर उंटिणींना भरपूर दूध सुटलं, तेव्हा तिला तगांतच्या पठारावर एका म्हातारीच्या तंबूत नेऊन सोडलं. तिथे लग्नाआधी जाड करायला आणलेल्या तिच्यासारख्या आणखी पाच मुली होत्या. पहाटे उठवायचे आणि काथवटभर दूध पुढ्यात ठेवायचे. दुपारी लोणी घातलेली बाजरीची पेज, संध्याकाळी पुन्हा दूध. उलटी झाली तर तीच परत प्यायची. कुणी तोंड फिरवलं तर म्हातारी तिच्या पायाची बोटं दोन काठ्यांच्या मध्ये धरून आवळायची. तकबेरच्या डाव्या पायाची करंगळी त्या वेळेपासून वाकडीच राहिली. बाराव्या वर्षी कातडी ताणून तिच्या दंडावर चंदेरी रेघा उमटल्या, तेव्हा शेजारच्या वस्तीतल्या बायका त्या बघायला आल्या. तेराव्या वर्षी सिदातीशी तिचं लग्न झालं.

हे सगळं ती दुकानात हसत हसत सांगायची. राजधानीत, नुआक्शोतच्या मोठ्या बाजारात तिचं मलहफ्याच्या, म्हणजे बायका डोक्यावरून अंगभर गुंडाळतात त्या वस्त्राच्या कापडाचं दुकान होतं. दुकान म्हणजे तीन भिंती, छतापर्यंत रचलेले रंगीत तागे आणि खाली गादी-लोड. गिऱ्हाईक बायका यायच्या, लोडाला टेकायच्या, चहाचे तीन पेले होईतो कापड बघायच्या. तकबेर सकाळी एकदा बसली की संध्याकाळीच उठायची, आणि उठायला दोघींचा हात लागायचा. नमाज ती खुर्चीवर बसून पढायची. गुडघ्यांनी जमीन सोडून चार वर्षं झाली होती. पण त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. बाजारातून जाताना लोक वाट द्यायचे, आणि त्यात मान होता.

शेजारचं दुकान मबारकाचं. ती त्याच म्हातारीच्या तंबूतली, त्याच दुधावर वाढलेली. त्या वर्षी उन्हाळ्यात, दुपारच्या जेवणानंतर, मबारका लोडाला टेकून बसली होती आणि तीन बायका कापड बघत होत्या. एकीने निळीचा तागा मागितला. उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा मागितला. तिसऱ्या वेळी तिने मबारकाच्या गुडघ्याला हात लावला आणि किंचाळून बाहेर पळाली. मबारकाचे डोळे उघडे होते, हातात खजूर होता, अर्धा खाल्लेला.

तिला उचलायला चार माणसं आली, पण चौघांना ती हलेना. मग गादीसकट उचलायचं ठरलं. बोळातून सहा जण तिला नेत होते, त्यांच्या धापांचा आवाज तकबेरला आपल्या दुकानात बसून ऐकू येत होता. ती उठू शकली नाही. उठवणाऱ्या दोघी तिकडे धावल्या होत्या.

चौथ्या दिवशी ती वस्तीतल्या दवाखान्यात गेली. तिथली नर्स कुंबा सो ही नदीकाठची, काटक, तोंडाने फटकळ. बीपी बघायचा पट्टा तकबेरच्या दंडाला पुरेना. कुंबाने आतून मोठा पट्टा आणला, आकडा बघितला, पुन्हा एकदा फुगवला आणि पुन्हा बघितला.

“खरं सांगू की गोड सांगू?”

“गोड तर मी रोजच पिते, खरं सांग,” तकबेर म्हणाली.

“अशीच राहिलीस तर दोन ईद बघशील. तिसरीचं मी सांगू शकत नाही. साखर कमी कर, मीठ कमी कर आणि चालायला लाग. गोळी देते मी, पण नुसत्या गोळीने होणार नाही.”

अशा रीतीने तकबेर स्टेडियमच्या भिंतीला लागली. संध्याकाळी उन्हं उतरली की नुआक्शोतच्या कितीतरी बायका त्या भिंतीभोवती फेऱ्या मारतात. अंगावर मलहफा, पायात नवऱ्याचे नाहीतर मुलाचे बूट, हातात माळ. पहिल्या दिवशी ती विजेचे चार खांब ओलांडून गेली आणि वाळूतच बसली. बाजूला गाड्यांना टेकून काही बाप्ये उभे होते.

एकाने आवाज टाकला, “काय हाज्जा, नवरा पळाला का? अशा चालीने नाही हो सापडायचा तो!”

“सापडला तर तुझ्याकडेच धाडते,” तकबेर धापा टाकत म्हणाली. “घोरतो फार. ठेवून घे.”

पण ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, आणि तिसऱ्याही. दुधातली साखर तिने बंद केली. चहा सोडणं काही जमेना, तेव्हा तीन पेल्यांचा एक पेला केला. ताटातल्या भाताला कोपऱ्यात ढकलून भाजी आणि मासा पुढे ओढायला लागली. तिच्या माहेरी मासा म्हटलं की नाक मुरडायचे, त्यामुळे पहिले आठ दिवस ती श्वास रोखून गिळायची. सिदाती मालट्रक घेऊन अतारच्या रस्त्यावर असायचा आणि दहा-बारा दिवसांनी घरी यायचा. दर खेपेला बायको थोडी कमी झालेली दिसायची. त्याला ते बरं वाटत नव्हतं.

एकदा तो म्हणाला, “लोक विचारतात मला, सिदातीच्या घरातलं दूध आटलं का म्हणून. काय सांगू?”

“सांगा, बायको जिवंत आहे म्हणून.”

मबारकाच्या गादीला पुढून खांदा दिलेल्यांत तोही होता.

पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी तकबेरने खुर्ची बाजूला सारली आणि चटईवर नमाजाला उभी राहिली. गुडघे कडकडले, पण टेकले. कपाळ जमिनीला लागलं तशी ती तिथेच थांबली, इतका वेळ की आतून मुलगी धावत आली. तिला वाटलं आई पडली.

मुलगी म्हणजे तुतू, एकुलती एक, एकोणीस वर्षांची. अंगाने शेलाटी. तकबेरने तिला काथवटीच्या वाऱ्यालाही उभं केलं नव्हतं. तुतूचं लग्न ठरलं होतं. मुलगा नुआधिबूच्या बंदरात नोकरीला, घराणं पूर्वेकडचं, नावाजलेलं. त्या महिन्यात सासू होणारी बाई, मुनीना, दोन बायकांना घेऊन बघायला आली. चहा घेता घेता तिने तुतूचा हात हातात घेतला आणि दोन बोटांनी मनगटाला वेढा घातला.

“छान आहे हो मनगट,” ती म्हणाली. “आमच्या घरच्या बांगड्या मात्र सरकतील.”

मग तकबेरकडे वळून म्हणाली, “तुम्ही आजारी होता म्हणे? मलहफा अगदी लोंबतोय.”

“आजारी होते. आता बरी आहे.”

“अल्ला बरं करो,” मुनीना म्हणाली. तिच्याबरोबरच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

लग्नाला चार महिने उरले तेव्हा सिदातीची थोरली बहीण ऐचेतू किफ्फ्याहून आली. बरोबर लोण्याची कातडी पिशवी, खजुराचं पोतं आणि कापडात गुंडाळलेला लाकडी वाडगा. नवरीला तयार करायला आत्या येते, तशी ती आली होती. तकबेरने दारातच सांगितलं.

“वन्सं, पोरीला वाडगा लावायचा नाही. माझ्या घरात नाही.”

ऐचेतूने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “बरं बाई. तुझं घर, तुझी पोर. मी आपली चहा करत बसेन. पण स्वतःकडे बघ जरा. माझ्या भावाने खांबाशी लग्न केलं होतं का?”

वाडगा बांधलेलाच राहिला. ऐचेतूने शब्द पाळला. ती अंगणात बसून चहा करायची आणि वहिनीच्या सुपाएवढ्या बुटांना नावं ठेवायची. तकबेरला हायसं वाटलं. संध्याकाळी ती आता भिंतीच्या तीन पूर्ण फेऱ्या मारायची, बरोबर कुंबा असायची. घरी यायला दिवेलागण व्हायची. त्या महिन्यांत तिला आपल्या अंगाचं इतकं नवल वाटत होतं की घरात आणखी कुणाचं अंग बदलतंय हे तिच्या ध्यानात आलं नाही.

आधी तुतूची भूक वाढली. ती दुपारचं ताट चाटूनपुसून खायची आणि तासाभराने चुलीपाशी जाऊन उरलेलं धुंडाळायची. मग चेहरा गोल झाला. गाल लालबुंद झाले, हनुवटी गळ्यात बुडाली. बाजारातल्या बायका म्हणायला लागल्या, “माशाल्ला! तुतू काय भरलीय गं! लग्न मानवलं पोरीला, व्हायच्या आधीच!”

आणि खरं सांगायचं तर तकबेरलाही ते आवडलं. तोंडाने ती म्हणायची की मुलीने आहे तसंच राहावं. पण गर्द हिरव्या मलहफ्यात ती गोल, चकाकती मुलगी दुकानात आली, तेव्हा आईचे डोळे निवले. ते डोळे तगांतच्या तंबूत तयार झाले होते. आपण वाडगा लावला नाही आणि तरी पोर आपसूक भरली, असं मनाशी म्हणत तिने अल्लाचे आभार मानले.

बाकीच्या गोष्टी तिला दिसत होत्या, पण एकेकट्या. तुतूच्या पोटरीला शेळीचं शिंग घासलं, ती जखम तीन आठवडे ओलीच राहिली. ती अंगणातल्या माठाशी उभी राहून पेल्यामागून पेला पाणी प्यायची. तोंड भरलं, पोट सुटलं, पण दंड आणि मांड्या मात्र बारीकच. बसली की हाताने जमीन रेटल्याशिवाय उठता येईना. एकदा नवा मलहफा गुंडाळून बघताना तिच्या पोटावर रेघा दिसल्या. तकबेरच्या रेघा चंदेरी होत्या. या जांभळ्या होत्या, बोटभर रुंद, कुणीतरी नखांनी ओरबाडल्यासारख्या.

“हे काय गं?”

“काही नाही,” तुतूने कापड ओढून घेतलं. “तुला नाहीत का?”

दुसऱ्या दिवशी वाळूचा वारा सुटला होता. स्टेडियमपाशी चार-सहाच बायका होत्या, सगळ्यांच्या नाकातोंडावर पदर. चालता चालता कुंबाने विचारलं, “नवरी काय म्हणते?”

“भरलीय छान. हे बघ.” तकबेरने फोन काढून फोटो दाखवला.

कुंबा चालायची थांबली. तिने फोन डोळ्यांजवळ नेला.

“कधीपासून?”

“झाले की तीन महिने. का?”

“पाणी फार पिते? जखम भरत नाही? मानेमागे उंचवटा आलाय?”

माठ आणि ओली पोटरी तकबेरला आठवली. मानेमागे तिने बघितलंच नव्हतं.

“ऐक,” कुंबा म्हणाली. “बाजारात अंग भरायच्या गोळ्या मिळतात. गुरांना पुष्ट करायला म्हणून आणतात आणि पोरींना विकतात. मी तीन पोरी बघितल्यात अशा तोंडाच्या. घरी जा, तिच्या सामानात शोध. पण मिळाल्या तर फेकू नकोस, बंद करू नकोस. तिला घेऊन सकाळी माझ्याकडे ये. कळलं? आधी माझ्याकडे.”

कळलं, असं तकबेर म्हणाली. पण पहिलं अर्धं ऐकल्यावर तिच्या कानात वारा भरला होता.

ती घरी आली तेव्हा तुतू अंघोळीला गेली होती. खुंटीवर मलहफा लटकत होता. इथल्या बायका किल्ल्या, अंगठी, काय महत्त्वाचं असेल ते पदराच्या टोकाला गाठीत बांधतात. तकबेरने गाठ सोडली. आत वर्तमानपत्राच्या कपट्यात अकरा पांढऱ्या गोळ्या होत्या.

ती थेट अंगणात गेली आणि ऐचेतूच्या चहाच्या तबकावर तिने कपटा आपटला. पेले कलंडले.

“तुम्हाला सांगितलं होतं मी, माझ्या घरात नाही!”

ऐचेतूने एक गोळी उचलली, हुंगली. “हे काय आहे?”

“मला विचारता?”

“मी वाडगा आणला होता तकबेर, तो तिथे बांधलेला पडलाय. मला द्यायचंच असतं तर दूध दिलं असतं, तुझ्या नाकावर टिच्चून. मी पोरीला असलं कशाला चारीन?”

तिचा चेहरा बघून तकबेरला कळलं की ती खरं बोलतेय. मागे ओल्या केसांनी तुतू उभी होती.

“आत्याला काही बोलू नकोस. मी आणल्या. तुझ्या दुकानामागच्या ओळीत मिळतात, पेंडीच्या पोत्यांशेजारी.”

“कशाला पण? मी तुला कधी...”

“तू नाही!” तुतूचा आवाज चिरकला. “तू बारीक झालीस! ती मुनीना काय म्हणाली, ऐकलं ना तू? तिच्या बायका दारात म्हणाल्या, आई वाळत चाललीय, घरात रोगच असेल, पोर पण तसलीच निघेल. तू रोज फेऱ्या मारतेस, सगळा बाजार बघतो. तुला मिळाला ना आधी? नवरा, मान, सगळं? मग आता चालायला काय जातंय तुझं!”

तकबेरने तबकातल्या गोळ्या वेचल्या, मागे गेली आणि संडासात टाकून वर दोन बादल्या पाणी ओतलं. तुतू रडली नाही, नुसती बघत राहिली.

सकाळी कुंबाकडे जायचं होतं, पण तकबेर गेली नाही. काय सांगणार होती? साऱ्या शहरासमोर तब्येत सुधारायला निघालेल्या बाईची मुलगी गुरांच्या गोळ्या खाते? विष घरातून गेलं, आता हळूहळू उतरेल, अशी तिने मनाची समजूत घातली. कुंबा भेटेल म्हणून दोन संध्याकाळी ती स्टेडियमकडेही फिरकली नाही.

पहिल्या दिवशी तुतू झोपून होती. रुसलीय, असं घरच्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने जेवण परत पाठवलं. तकबेरला वाटलं, भूक उतरली, म्हणजे गुण येतोय. त्या दुपारी तुतू दोनदा ओकली. ऐचेतू तिच्या उशाशी बसली होती, ती म्हणाली, “हिचे हात गार लागतात गं. या उकाड्यात?”

तिसऱ्या दिवशी सकाळी धुळीने आभाळ पिवळं झालं होतं. तुतू भिंत धरत धरत माठाकडे चालली होती. अर्ध्या अंगणात तिने हात पुढे केला, जणू कुणाला तरी धरायचं होतं, आणि ती खाली कोसळली. ओठ पांढरे, कपाळ घामाने चिंब. हाक मारली तर डोळे फिरत होते, पण थांबत नव्हते.

तकबेर रस्त्याकडे धावली. खरोखर धावली, अनवाणी, पदर वाऱ्यावर सोडून, मोठ्या रस्त्यापर्यंत. तिथे एका मासळीच्या गाडीपुढे तिने आडवे हात केले. वर्षभरापूर्वी ती दारापर्यंतही पोचली नसती. ही गोष्ट तिला नंतर कितीतरी दिवसांनी सुचली, आणि सुचली तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

इस्पितळात शिरेतून पाणी लावलं, सुया दिल्या. तरुण डॉक्टरने पोटावरच्या रेघा बघितल्या आणि मानेमागे हात लावला. तिथे उंचवटा होता, लिंबाएवढा.

“गोळ्या कधी बंद केल्या?”

“तीन दिवस झाले.”

“कुणी बंद केल्या?”

“मी,” तकबेर म्हणाली.

तो रागावला नाही. त्याने स्टूल ओढलं आणि हळू आवाजात समजावलं. या गोळ्या खूप दिवस घेतल्या की शरीर स्वतःचं औषध बनवायचं विसरतं. एकदम थांबवल्या की त्याच्याकडे काही उरत नाही. त्या पायरीपायरीने उतरवाव्या लागतात. “आता आम्हीच तिला त्याच जातीच्या गोळ्या देतोय,” तो म्हणाला. “पुढचे कितीतरी महिने द्याव्या लागतील.”

कुंबा दुपारी आली. ती तकबेरच्या शेजारी बाकावर बसली, आपल्या डब्यातली चवळी तिच्या पुढ्यात ठेवली आणि ती खाईपर्यंत हलली नाही. ऐचेतूने अकरा दिवस इस्पितळाच्या व्हरांड्यात चटई टाकली. सिदाती अतारहून आला, मुलीच्या पायाशी उभा राहिला आणि बाहेर जाऊन गाडीच्या चाकाला टेकून बसला.

तुतू वाचली. रक्तात साखर निघाली. ती उतरेल की राहील, ते डॉक्टर सांगू शकले नाहीत. हाडं तपासायला सांगितली. मुनीनाकडून एक माणूस फळं घेऊन आला, मग लग्न पुढे ढकलल्याचा निरोप आला, मग निरोप येईनासे झाले. पुढच्या थंडीत त्यांच्या मुलाचं लग्न दुसरीकडे लागलं. मुलगी चांगली गोल होती, असं बाजारात कळलं. तुतूने ऐकलं आणि विचारलं, “चेहरा कसा आहे तिचा? लाल आहे?” कुणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी तिला सपाटीवर थोडं थोडं चालायला सांगितलं. ती महिनाभर नाही म्हणत राहिली. मग एका संध्याकाळी आपणहून बूट घालून दारात उभी राहिली. तकबेरने मुकाट्याने आपले बूट घातले, बोललं तर ती माघारी फिरेल अशी धास्ती वाटली. दोघी स्टेडियमपाशी गेल्या. तुतूचे पाय लटपटत होते, तिला दर खांबाशी थांबावं लागत होतं. तकबेर आपली पावलं आखडून तिच्या शेजारी चालली. बायका मागून येत होत्या आणि पुढे निघून जात होत्या.

त्यातली एक ओळखीची बाई थबकली. तिने तकबेरला सलाम केला आणि सुजलेल्या तोंडाच्या, धापा टाकणाऱ्या तुतूकडे कीव आल्यासारखं बघितलं.

“बरं केलंस हो आणलंस ते. जाऊ का गं तुझी?”

तकबेर ‘मुलगी’ म्हणायला गेली, पण तुतूने आधीच उत्तर दिलं.

“थोरली जाऊ,” तुतू म्हणाली. “गुडघे गेलेत माझे.”

बाई अल्लाचं नाव घेऊन पुढे गेली. तुतूने पदर नाकावर ओढला आणि पुढच्या खांबाकडे नजर लावून पाऊल टाकलं. अजून ती रोज येते. गोळी आता पाव भागावर आली आहे. दर महिन्याला रक्त तपासतात, आणि तो कागद हातात येईपर्यंत तकबेर दवाखान्याच्या बाकावर बसत नाही, उभीच राहते.